चपला बाहेर

आमच्या सांगलीच्या कॉलेजात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्या खोलीची किल्ली कॉलेजच्या शिपायाकडे गेली. रोज सकाळी तो खोली झाडायचा, कॉम्प्युटरवरचं कापड काढून झटकायचा, उदबत्ती ओवाळायचा आणि कापड पुन्हा घालायचा. तिथं तो बोलायचाही हळू, जणू आत कुणी निजलंय. पोरं दारात घोटाळली की म्हणायचा, "लांबनं बघा रं. धूळ जाती आत." मी प्राध्यापक, पण मलाही त्याने कधी आत घेतलं नाही. "तपासणीपर्यंत जरा कळ काढा, सर."

विद्यापीठाची तपासणी समिती आली. तिघांनी बूट काढले. मीही चपला काढून मागं उभा राहिलो. त्याने कापड उचललं, त्यांनी माना डोलावल्या आणि ते जेवायला गेले. चालू करून दाखवा, असं कुणीच म्हणालं नाही.

कापड नीट बसवत त्याने मला हळूच विचारलं, "सर, तुमी तर शिकल्याली मान्सं. ह्यो चालू कसा करत्यात ओ?"

मला ठाऊक नव्हतं.

घंटा झाली. मी चपला घातल्या आणि गेली वीस वर्षं जातो तसा, पोरांना शहाणं करायला वर्गात गेलो.