मॅडमचा शुक्रवार

नेमधर्म म्हणजे काय, ते मला आमच्या वाडीत कळलं नाही, दुबईत एका अमेरिकन बाईंच्या स्वयंपाकघरात कळलं. आमच्या वाडीत देवदेव करणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. पण एकादशीला वऱ्याचे तांदूळ चालतात की नाही यावरून वर्षभर अबोला धरणाऱ्या त्या सगळ्या जणी तराजूच्या एका पारड्यात आणि आमच्या मॅडम दुसऱ्या पारड्यात बसवल्या असत्या, तरी मॅडमचंच पारडं खाली गेलं असतं. अंगानेही त्या भरभक्कम होत्या, ती गोष्ट वेगळी.

मॅडम मॉर्मन होत्या. हा ख्रिस्ती लोकांतलाच एक पंथ, असं मला यांनी सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान. ते मॅडमच्या घरी ड्रायव्हर होते. त्याआधी दुबईच्याच देरा भागात एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहायचे. इथे लागल्यावर जुमेऱ्यातल्या बंगल्यामागची खोली मिळाली. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझी बायको कुठे आहे?" हे म्हणाले, गावाला. "शेवटची कधी भेटली?" हे म्हणाले, गेल्याच्या गेल्या गणपतीत. तेव्हा मॅडमच्या हातातला डाव खाली पडला म्हणे. लग्न झालेली माणसं अशी लांब लांब ठेवणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी साहेबांच्या मागे लागून माझा व्हिसा काढायला लावला. कागदावर स्वयंपाकीण असं लिहिलं. खरं तर मी आल्यावरही स्वयंपाक त्याच करायच्या आणि मी बाजूला उभी राहून शिकायचे. पाव मळायला त्यांनी शिकवलं, पिठाच्या पाकिटावरची इंग्रजी अक्षरं लावायला त्यांनी शिकवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, कारण वाडीतली शाळाच तेवढी होती. हे ऐकून त्या म्हणाल्या, "शाळा संपली, तू कुठे संपलीस?" यांनी ते मराठीत सांगितलं तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. मला कधीच काही सुचायचं नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना आल्याचा चहा करून दिला. आमच्याकडे आलेल्याला चहा न देणं म्हणजे जा म्हणून सांगणं. मॅडमनी कप हातात घेतला, छान हसल्या आणि परत माझ्याच हातात दिला. मी रात्रभर रडले. सकाळी हे म्हणाले, "अगं, त्यांच्यात चहा पीतच नाहीत. कॉफी नाही, दारू नाही, सिगारेट नाही." मला पटेना. दारू-सिगारेट कळलं, पण चहाने कोणाचं काय वाईट केलंय? पण त्या पाळायच्या म्हणजे पाळायच्या. फक्त चार वाजता मी आमच्या खोलीत चहा ठेवला की काहीतरी निमित्त काढून खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या, लांब श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "वास घेऊ नको असं कुठे लिहिलेलं नाही."

राग आला तर शिव्या द्यायच्या नाहीत, हा दुसरा नेम. सहा मुलांच्या घरात राग येणार नाही असा दिवस कसा उजाडणार? मग त्या फज म्हणायच्या. फज ही चॉकलेटची बर्फी. काचेचं भांडं फुटलं की फज, धाकट्याने गालिच्यावर शाई सांडली की फज, फज, फज. आपल्याकडे एखादीने चिडून पेढा, पेढा म्हणावं तसं ते मला वाटायचं.

घरात वर्षभर पुरेल एवढं धान्य साठवायचं, हाही त्यांच्या धर्मातलाच नेम. प्रत्येक पलंगाखाली गव्हाचे, तांदळाचे, दुधाच्या भुकटीचे डबे. पाहुणा गादीवर बसला तर खालून डबे वाजायचे. आणि महिन्यातून एकदा कडक उपास. पाणीसुद्धा नाही. त्या दिवशीच्या जेवणाचे वाचलेले पैसे गरिबाला द्यायचे. माझी संकष्टी आली तेव्हा मीही उपास आहे म्हणून सांगितलं. मॅडमना फार आनंद झाला. दुपारी माझ्या ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दही आणि केळं बघून त्यांनी एकेक पदार्थ बोटाने मोजला. मग एक चमचा खिचडी खाल्ली. मग ताटलीच घेऊन बसल्या. "आमच्या लोकांनी तुमच्या लोकांशी बोलायला हवं होतं," असं त्या म्हणाल्याचं यांनी मला सांगितलं.

पण सगळ्यांत मोठा नेम शुक्रवारचा. त्यांच्या देशात हे लोक रविवार पाळतात, पण इथली सुट्टी शुक्रवारची म्हणून इथे शुक्रवार. त्या दिवशी प्रार्थनेला जायचं, घरच्यांबरोबर राहायचं आणि काहीही विकत घ्यायचं नाही. आपण विकत घेतो म्हणून दुसऱ्याला दुकान उघडावं लागतं, त्यालाही सुट्टी मिळायला हवी, असा त्यांचा हिशेब. दूध संपलं तर भुकटीचं. पाव संपला तर घरचा. त्यांच्या त्या लांबलचक अमेरिकन गाडीत शुक्रवारी पेट्रोलसुद्धा भरायचं नाही. हे गुरुवारीच टाकी काठोकाठ भरून ठेवायचे. हे माळकरी घरातले. देवाच्या बाबतीत दुसऱ्याचा नेमही यांना आपल्यासारखाच वाटायचा. शुक्रवारी ती गाडी पंपावरून जाताना हे पंपाकडे बघायचेसुद्धा नाहीत.

दर सोमवारी संध्याकाळी घरातली सगळी माणसं एकत्र बसायची, गाणी म्हणायची, काहीतरी गोड खायची आणि आठवड्यातली एक गोष्ट प्रत्येकाने सांगायची. मॅडम आम्हा दोघांनाही बसवायच्या. माझी पाळी आली की मी "गुड" म्हणून खाली बघायचे. सहाही मुलं टाळ्या वाजवायची. मॅडम म्हणायच्या, "पुढच्या सोमवारी दोन शब्द." वर्ष गेलं, पण दुसरा शब्द काही निघाला नाही.

यांच्याशीसुद्धा माझं तसंच. लग्न झाल्यावर हे महिन्याभरात दुबईला परत आलेले. नंतर सुट्टीत गावी आले ते पाहुण्यासारखे. इथे एका खोलीत राहायला लागल्यावर मला उलट जास्तच लाज वाटायची. जेवण वाढलं का? हूं. फोन आला होता का? हूं. अशातच गावाहून सासूबाईंचा निरोप आला. गुडघे धरलेत, घर एकटीने होत नाही, सुनेला पाठवून दे. यांनी दोन दिवस तिकिटाची चौकशी केली. मग मॅडमना जाऊन म्हणाले, "मॅडम, मिसेसचं तिकीट करतो. तिला इथे आवडत नाही."

मी आत कांदा चिरत होते. बोलता येत नसलं तरी इंग्रजी कळायला लागली होती, सगळं ऐकू येत होतं.

"तिने सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"ती काही सांगत नाही, मॅडम."

"तू विचारलंस?"

यांच्या हातातल्या किल्ल्या वाजल्या.

"ती तुझी बायको आहे, पार्सल नाही. तुम्ही दोघं कधी कुठे फिरायला गेलात?"

हे म्हणाले, लुलू मार्केटला जातो की, तांदूळ आणायला.

"फज!" मॅडम म्हणाल्या.

त्या आणि साहेब दर आठवड्याला एक संध्याकाळ मुलांना घरी ठेवून दोघंच बाहेर जायचे. सहा मुलांचे आईबाप! नवराबायकोने एकमेकांना वेळ द्यायचा, हाही त्यांचा नेमच. त्यांच्या प्रार्थनेला येणाऱ्या एका कुटुंबाचं डोंगरापलीकडच्या समुद्राकाठी, फुजैऱ्याला घर होतं. ते लोक सुट्टीवर गेलेले. मॅडमनी किल्ली मागून आणली, स्वतःची गाडी दिली आणि यांना बजावलं, "गुरुवारी जायचं, शुक्रवारी यायचं. समुद्र बघायचा आणि तिला विचारायचं. त्यानंतर तिकिटाचं बोलू." शुक्रवारी काही विकत घ्यायला लागू नये म्हणून डिकीत एवढं खायला भरलं की गाडी मागून बसली.

फुजैऱ्याला आम्ही समुद्र पाहिला. लांब तेलाची जहाजं ओळीने उभी होती. हे फार उत्साहात होते. खोर फक्कान दाखवलं, दिब्बा दाखवलं, परत खोर फक्कान दाखवलं. ही गाडी दुसऱ्याच्या मुलांना शाळेत सोडायला नाही, स्वतःच्या बायकोला फिरवायला चालवतोय, याची त्यांना मौज वाटत असावी. दर थोड्या वेळाने विचारायचे, "छान आहे ना?" मी म्हणायचे, हूं. दोन-तीनदा त्यांनी गाडी थांबवली, पुढचं काहीतरी विचारणार असं तोंड केलं आणि मग म्हणाले, "केळं खातेस?"

शुक्रवारी परत निघालो तेव्हा पेट्रोलचा काटा खाली आला होता. यांनी वळायचा दिवा लावला आणि गाडी पंपाकडे घेतली. काटा खाली दिसला की वळायचं, एवढ्याच सवयीने. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, आज शुक्रवार ना?"

यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जशी गाडीच बोलली. दिवा बंद केला आणि गाडी सरळ पुढे घातली.

डोंगर चढून मसाफीला पोचलो आणि गाडीने मान टाकली. कुठे टाकावी? तर फ्रायडे मार्केटात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गालिचे, मातीची भांडी, फळं, आणि समोर हाकेच्या अंतरावर पेट्रोल पंप. एक पठाण गालिचेवाला धावत आला.

"क्या हुआ भाई?"

"पेट्रोल खलास."

"तो पंप सामने है! यल्ला, मैं धक्का मारता है."

"नहीं भाई. आज जुम्मा है."

पठाणाने पंपाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं. "जुम्मा है तो?"

यांनी त्याला सगळं समजावलं. गाडी मॅडमची, मॅडम शुक्रवारी काही खरेदी करत नाही. दारू पीत नाही. रोजा ठेवते. गरिबाला पैसे देते.

"मुसलमान है?"

"नहीं, अमरीकन है. मॉर्मन."

पठाण विचारात पडला. "भाई," तो म्हणाला, "मुसलमान ही होगा. उसको अभी खबर नहीं."

मग त्याच्या दुकानातल्या फोनवरून यांनी मॅडमना फोन लावला. गाडी उद्या सकाळी आणतो, पेट्रोल संपलं. पंप? पंप समोरच आहे, मॅडम. मग? आज शुक्रवार, मॅडम. तुमचा नेम आमच्या हातून नको.  मग "तिथेच थांबा" एवढंच म्हणून फोन बंद झाला. हे पांढरे पडले.

आम्ही गाडीच्या सावलीत बसलो. "चिडल्या," हे म्हणाले. "गाडी दिली, ती रस्त्यात घातली. आता नोकरी गेली तर दोघंही गावाला. तुला तरी बरं. नाहीतरी तुला इथे करमत नाही."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? वर्ष झालं, हूंच्या पुढे शब्द नाही."

"मी गावातपण हूंच करायचे."

हे हसायला लागले. मग मलाही हसू आलं. मी म्हटलं, "पंपावर माझं ऐकलंत कशाला? माणसाने एवढं ऐकायचं असतं का?"

"वर्षात पहिल्यांदा आपणहून बोललीस," हे म्हणाले. "तो शब्द मोडला असता तर परत बोलली असतीस?"

पठाण लांबून बघत होता. मी गालिच्यांकडे बघत म्हटलं, "मला गावाला नाही जायचं."

हे माझ्याकडे वळून बसले. मीच पुढे बोलले. धाकट्या वन्संचे यजमान बोटीवर असतात, त्या तिकडे भाड्याच्या खोलीत एकट्याच. त्यांनी आईंकडे राहायला यावं. आईंना सोबत होईल, त्यांचं भाडं वाचेल, गुडघ्याच्या औषधांचे आपण पाठवू. आणि वर्षातून एकदा दोघांनी मिळून जायचं. एकट्याने नाही.

"हे सगळं ठरवलंस कधी?"

"पाव मळताना."

मॅडम आल्या त्या साहेबांची गाडी घेऊन, प्रार्थनेच्या फुलाफुलांच्या झग्यातच. उतरल्या आणि आमच्याकडे न बघता तरातरा पंपावर गेल्या. स्वतः पैसे दिले, स्वतः डबा भरून आणला आणि स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. हे मागे मागे, "मॅडम, फ्रायडे, मॅडम!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या पवित्र दिवशी पेट्रोल विकत घेतलं होतं. "नेम माझा आहे," त्या म्हणाल्या, "मोडायचा तर मीच मोडणार." मग हात पुसत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"वेल?"

मी म्हटलं, "आय स्टे, मॅडम."

त्यांनी मला पोटाशी धरलं आणि हमसाहमशी रडायला लागल्या. हे रडले. पठाणाने गालिच्याचं गिऱ्हाईक सोडून आमच्यासाठी काळा चहा आणला. मॅडमनी वास घेतला आणि कप माझ्या हातात दिला.

वन्सं आईंकडे राहायला गेल्या, आम्ही दुबईत राहिलो. मग साहेबांच्या इथल्या नोकरीची मुदत संपली. सहामधली तीन मुलं शिकायला आधीच गेली होती. आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघत थांबल्या. आणि मी बोलायला लागले. इंग्रजी बरीच यायला लागली होती, पण त्या वेळी सगळं मराठीतच आलं. हे इंग्रजीत सांगायला पुढे झाले, तर मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं. मी काय काय बोलले ते आता मलाही नीट आठवत नाही. आईंच्या गुडघ्यांचं काहीतरी सांगितलं, गावच्या दारातल्या पायरी आंब्याच्या कलमाला मोहोर आलाय ते सांगितलं, तिकडे थंडी फार असेल तर पायात मोजे घाला म्हणून सांगितलं. त्या मान हलवत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. साहेबांनी दोनदा हाक मारली, तरी हलल्या नाहीत. शेवटी मुलांनी ओढत नेलं. काचेचं दार लागलं, त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या, आणि मी दाराकडे बघत अजून बोलतच होते.