सुईला दोन नेढी

चष्मेवाल्याने शिंप्याला पाच महिन्यांत तीन चष्मे करून दिले आणि तिन्ही चुकले. सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून ‘आता बरं, की मघाशी?’ विचारून तो इतका विटला होता की समोरचा तोंड उघडायच्या आत त्याने भिंग बदललेलं असायचं. शिंप्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर दर खेपेला निराळा निघे. चष्मेवाला बायकोला म्हणे, “डोळा ठीक आहे गं, याचं डोकंच ठिकाणावर नाही.”

तिसरा चष्मा घेऊनही शिंपी परत आला.

“मालक, सुईला दोन नेढी दिसतात. दोरा कुठल्यात ओवू?”

“उजवा डोळा झाका.”

झाकला. “अजून दोनच.”

चष्मेवाला स्टुलावरून उठला. एकाच डोळ्याला एकाची दोन दिसतात, म्हणजे घोटाळा आत आहे. त्याने बॅटरी आणली. शिंप्याने नजर फिरवली, तसं डावं बुबुळ बादलीतल्या पाण्यासारखं थरथरलं.

“इथे काही लागलं होतं?”

“कापडाचा तागा पडला होता फळीवरून. झाले सहा महिने.”

“मग बोलायचं नाही?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुमचं आपलं जवळचं की लांबचं!”

चष्मेवाल्याने शटर ओढलं आणि त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली. डोळ्यातलं भिंग घसरून त्याची कड मधोमध आली होती.

“भिंग धरून ठेवणारे बारीक धागे तुटलेत. ते पुढे आलं तर दाब वाढून डोळा जाईल. हे काढून नवं भिंग आत शिवावं लागेल.”

“शिवावं?” शिंप्याने कान टवकारले. “टाका कसला घालता, बाई?”

“तुमच्याहून बारीक.”

“ते उसवल्यावर कळेल.”

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर शिंप्याची बायको म्हणाली, “तुम्ही होतात म्हणून कळलं, भावजी.” चष्मेवाला चहा आणतो म्हणून उठला.

दोन महिन्यांनी शिंप्याने मशीनपाशी बसून तिसऱ्या प्रयत्नात दोरा ओवला. “एकच नेढं!” तेव्हापासून येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगतो, चष्मेवाल्याने डोळा वाचवला. चष्मेवाला आता ‘काही लागलं होतं का?’ आधी विचारतो. ‘माझंच चुकलं, बाबा’ एवढं मात्र शिंप्याला सांगायचंय. रोज दुकान बंद करताना ते ओठांवर येतं. मग पाठ दुखते, उद्या बघू म्हणतो. अजून राहिलंय.