माळकरी मामा आणि सखूची चिलापी

आमच्या मामांसारखा यजमान बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मिळणार नाही. अट एवढीच की पाहुण्याला चार पाय आणि मिशा असाव्यात. आम्ही दोन पायांचे भाचे निमगाव केतकीला गेलो की ओसरीवर चहाची वाट बघत बसतो आणि आत सखू नावाच्या म्हाताऱ्या मांजरीची सरबराई चालू असते. सखूचे दात गेलेत, मागचे पाय लटपटतात, मूत्रपिंडं थकलीत. बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिला ऊब द्या, पाणी जवळ ठेवा, उड्या मारू देऊ नका. एवढं ऐकून मामा कामाला लागले. पाणी जवळ म्हणजे प्रत्येक खोलीत दोन-दोन वाट्या. त्या घरात पाय न भिजवता चालून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन. उडी नको म्हणून त्यांनी बाजेचे पाय करवतीने कापले. सखू ऐटीत चढायला लागली, पण मामींना उठणं अवघड झालं. "मांजरीची सोय झाली, आता मला उठवाय क्रेन आणा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मामांना त्यात तक्रार ऐकूच येत नाही. "बघा, कशी राणीवानी बसलीया!" म्हणून ते त्याच पाहुण्याला सखू दाखवायला नेतात.

खरी कसरत जेवणाची. मामा पक्के माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. सखूला मात्र उजनी धरणातली चिलापी मासळी लागते. म्हणून परसात वेगळी चूल, वेगळं पातेलं आणि त्यापुढे गळ्यात तुळशीची माळ घालून, चष्मा नाकावर ओढून माशाचे काटे वेचणारे मामा. गावाने टिंगल केली. "मी मासा खात न्हाय, ती माळ घालत न्हाय. आमचं दोघांचं ठरलंया," हे मामांचं उत्तर.

मध्यंतरी सखूने जेवण सोडलं. मामा घास पुढे करीत, ती तोंड फिरवी. मामांनी स्वतःचंही ताट बाजूला सारलं. शेवटी मी दोघांना गाडीत घालून बारामतीला नेलं. डॉक्टरांनी मांजर तपासली, मामांना घास भरवून दाखवायला सांगितलं आणि मग त्यांचा हातच हुंगला.

"आबा, हाताला काय लावलंय?"

"लिंबू," मामा ऐटीत म्हणाले. "भजनाला टाळ धरायचा असतोय. माशाचा वास येतो म्हणून लोकं नावं ठेवत्यात. आता मासा शिवायच्या आधी बी चोळतो, नंतर बी."

"मांजरांना लिंबाचा वास सोसत नाही, आबा. तो घासाला लागतोय."

मामा घरी येईपर्यंत माळ चाचपत होते. संध्याकाळी त्यांनी नुसत्या पाण्याने हात धुतले, चिलापी कुस्करली आणि बोटांवर सखूपुढे धरली. तिने हुंगलं, चाटलं आणि सगळं फस्त केलं. मामा तसेच भजनाला गेले. शेजारचा टाळकरी जरा सरकून बसला.

"आबा, हाताला वास कसला वो?"

"आमची सखू जेवली आज!" मामा सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले. पोरगा फौजदार झाल्यावर माणसं ज्या आवाजात सांगतात, तो आवाज. मागे बसलेल्या माझीही छाती फुगली. हा माझा सख्खा मामा.

सखू आता फार दिवसांची सोबती नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. मामांना ते ठाऊक आहे, पण ते त्याबद्दल बोलत नाहीत. परवा निघताना मी पाया पडलो, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांना चिलापीचा वास लागला. घरी पोचल्यावर बायको अंघोळीला पिटाळत होती, पण मला काही लगेच जावंसं वाटेना.