उघडून पाहिलंत का?

"मैडम, इसका पार्ट आना बंद हो गया है," श्रीवास्तव सर म्हणाले आणि त्यांनी नव्या लॅपटॉपचा डबा काउंटरवर ठेवला. जुना लॅपटॉप बाजूला पडला होता. त्याचा एक स्क्रूही कुणी सैल केला नव्हता.

लखनौच्या निशातगंजमधल्या सर्व्हिस सेंटरचे सर मॅनेजर, मी टेक्निशियन. आमच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'रिपेअर' लिहिलंय. पण मशीन जरा जुनं दिसलं की काउंटरवर हेच वाक्य निघतं. मग एक्स्चेंज ऑफर. जुनं भंगारात, नवं गिऱ्हाइकाच्या पिशवीत. मला ते वाक्य म्हणायला जमायचं नाही, म्हणून मीटिंगमध्ये सर मला 'समाजसेविका' म्हणायचे.

समोरच्या बाई निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. लॅपटॉप जाड, काळा, कडा घासून पांढुरक्या झालेला. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून टाकलेली. त्यांच्या मायक्रोस्कोपचा कॅमेरा फक्त याच मशीनवर चालायचा. त्याचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी कधीच बंद झाली होती. लॅपटॉप गेला की मायक्रोस्कोप आंधळा, आणि नेच्यांवरचं, म्हणजे फर्नवरचं, त्यांचं काम तिथेच थांबणार. हे त्यांनी सरांना सांगून पाहिलं. नव्यात आणखी छान चालेल, असं सर म्हणत राहिले.

बाईंची नजर माझ्या बॅजवर गेली.

"शिंदे? मराठी का गं तू?"

"हाँ... म्हणजे, हो. बाबा एअर फोर्समध्ये होते. साताऱ्याचे आम्ही."

"मग खरं सांग. गेलाय का हा?"

मी विचारलं, बंद कधी पडतो? चालू केल्यावर थोड्या वेळानं, त्या म्हणाल्या. खालून हात लावला तर चटका बसतो. थंड झाला की पुन्हा चालतो.

मदरबोर्ड, म्हणजे मशीनचे सगळे महत्त्वाचे भाग ज्यावर बसवलेले असतात ती पट्टी, गेला असता तर थंड होऊनही काही उपयोग झाला नसता.

"काकू, गेलेला नाही," मी मराठीत म्हणाले. "नुसता तापतोय. नवीन घेऊ नका."

सरांनी मान वळवली. "क्या बात हो रही है मराठी में?"

इथे निसटणं सोपं होतं. लखनौत मराठी ही आमची भर बाजारातली बंद खोली आहे. सब्जीवाल्याशी घासाघीस करताना आई तीच वापरते. गावची ओळख निघाली, एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण काकू म्हणाल्या, "त्यांनाही कळेल असं सांग ना."

बरोबर होतं त्यांचं. खरं बोलायला आडोसा कशाला हवा? आणि मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी काय घोडं मारलं होतं?

मी शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, इसका कोई पार्ट नहीं गया है. आपने खोलकर देखा ही नहीं."

सर हसले. "तो आप खोलकर दिखा दीजिए, शिंदे जी. यहीं, सबके सामने. नहीं चला, तो कल से आने की ज़हमत मत कीजिएगा."

एरवी मी त्यांच्यासाठी 'तुम' असते. 'आप' ऐकलं तेव्हाच कळलं, नोकरीचं खरंच आहे.

मी स्क्रू काढले. जुन्या मशीनची हीच गंमत असते: ती उघडता यावीत म्हणून बनवलेली असतात. बॅटरी बाहेर निघते, रॅम खाचेतून सुटते. हल्लीची पातळ मशीन चिकटवून बंद केलेली असतात. जणू आत बघणं हा गुन्हा आहे.

पंख्याच्या जाळीवर धुळीची गोधडी बसली होती. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता पंख्याकडे पोचवणारा मऊ लेप. तो वाळून खडूसारखा झाला होता. खरवडला, पुसला, नवा लावला. जाळी ब्रशने साफ केली. झाकण बसवून बटण दाबलं.

पंखा फिरला. मी स्ट्रेस टेस्ट लावली, म्हणजे मशीनला मुद्दाम दम लागेल एवढं काम दिलं. सगळे बघत उभे राहिले. बऱ्याच वेळानं सरांनी स्वतः खालून हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग नवा डबा शेल्फवर ठेवला.

रांगेत एकजण आपला नवा डबा छातीशी धरून उभा होता. त्यानं विचारलं, "भैया, हमारा वाला खोलकर देखा था?"

सरांना अचानक फोन आला.

नोकरी राहिली, काउंटर गेला. आता मी मागच्या खोलीत बसते आणि गिऱ्हाइकांशी बोलायला मला मनाई आहे. काकूंचा लॅपटॉप चालतोय. त्यावर काढलेला नेच्याच्या पानाचा एक फोटो त्यांनी मला पाठवला, तो मी टेबलासमोर चिकटवलाय.

काउंटरवर पार्ट बंद झाल्याचं ते वाक्य अजून निघतं. फक्त आता त्यावर कुणी ना कुणी विचारतं, खोलकर देखा? मग मशीन माझ्याकडे येतं. काही खरोखरच गेलेली असतात. तेही मी लिहून देते, पण उघडल्यावर.