रोबोच्या पोटावरचा हात

ऑटिझम असलेल्या मुलांच्या उपचार केंद्रात ती रोबो चालवायची. गुडघ्याएवढा पांढरा रोबो मुलांशी खेळे, बोले. ही काचेमागच्या खोलीत बसून बटणं दाबी. इतकी घाबरट, की सगळे तिला ‘भागूबाई’च म्हणत. माणसांसमोर बोलावं लागू नये म्हणूनच तिनं ही नोकरी धरली होती.

त्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी नेहमीसारखी आली. आईशीही ती चार शब्दांपलीकडे बोलत नसे. रोबोशी मात्र गट्टी. खेळ रोजचाच. रोबोनं विचारलं, “नाक कुठंय?” मुलीनं नाक सोडून त्याच्या पोटावर, खाली उजवीकडे तळहात ठेवला.

“दुखतंय.”

हा शब्द खेळात नव्हता. भागूबाईनं रोबोकरवी विचारलं, “कुणाला?”

“रोबोला. खूप.” मुलगी कमरेत वाकली होती. कपाळावर घाम.

भागूबाई धावत थेरपिस्ट बाईंकडे गेली.

“ऐकलेलं बोलतात गं ही मुलं,” बाई म्हणाल्या. “उगाच आईला घाबरवू नकोस.”

आपलं चुकलं तर नोकरी जाईल. आणि चुकलं नसेल तर? ती बाकावर बसलेल्या आईपाशी गेली.

“मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, ताई. पण हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या. मी येते.”

आईचा चेहरा उतरला. “सकाळपासून जेवली नाहीये. मला वाटलं, रुसलीये.”

दवाखान्यात डॉक्टरांनी हात पुढे करताच मुलीनं किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला. भागूबाईनं काखोटीला मारून आणलेला रोबो खाटेवर ठेवला. “आधी याला तपासा,” ती कशीबशी म्हणाली. डॉक्टरांनी निमूटपणे रोबोचं पोट दाबलं. मुलगी बघत राहिली. मग तिनं आपणहून फ्रॉक वर केला.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन चालू असताना आई आणि भागूबाई एकमेकींचा हात घट्ट धरून बसल्या. दार वाजलं की दोघीही उठून उभ्या राहत. अखेर डॉक्टर बाहेर आले. “वेळेवर आणलंत,” एवढंच म्हणाले. आई तिथंच मटकन खाली बसली.

महिन्याभरानं मुलगी केंद्रात आली. सरळ रोबोकडे गेली, भागूबाईकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. थेरपिस्ट बाई मात्र काचेमागच्या खोलीत येऊन बसल्या. “खेळात दुखण्याखुपण्याचे शब्द घालायचेत,” त्या म्हणाल्या. “कुठले घालू या, तूच सांग.”