सुमनचं बर्लिनचं सँडविच

सुमन कुठलाही पदार्थ आधी हुंगायची, मगच खायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वाढणारे रागवायचे, तेव्हा ती शांतपणे म्हणायची, "पह्यले वास तं घेऊ द्या बापा! तोंड कुठं पळून चाललं?"

मुलांनो, पवनारला आपल्या घराच्या कुंपणापलीकडे तिची भाजीची वाडी होती. वांगी-मेथी घेऊन ती सकाळच्या बसने वर्ध्याला जायची. या उन्हाळ्यात ती वारली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, म्हणून लिहिते आहे.

तिचा मुलगा अमोल बर्लिनला असतो. क्लारा ही त्याची बायको तिथलीच. नातू झाला तेव्हा सुमन बाळंतपणाला गेली आणि आपल्याकडची कुठलीही आजी करते तेच तिने केलं. बाळाला न्हाऊ घातलं आणि तव्यावर ओवा नि वावडिंग जाळून धुरी दिली. छताला लावलेला, धूर लागला की वाजणारा भोंगा किंचाळू लागला. इमारत रिकामी झाली, बंब आला. ओली बाळंतीण बाळाला छातीशी धरून चार मजले उतरली. खाली रस्त्यावर ती सुमनवर ओरडली. अमोलने मान खाली घालून आईला त्याचा अर्थ सांगितला: माझ्या बाळाला पुन्हा हात लावायचा नाही.

उरलेले सहा आठवडे सुमनने त्या घरात मुक्याने काढले. रोज दुपारी क्लारा कोपऱ्यावरच्या दुकानातून एक सँडविच आणायची, तिच्यापुढे ठेवायची आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची.

"तळलेलं वांगं, उकडलेलं अंडं, तिळाची चटनी," परत आल्यावर सुमन मला सांगत होती, "अन् बाई, आंब्याचं लोनचं! मेथी घातलेलं! मले वाटलं, कोनी माह्यी बरनीच चोरून नेली का काय!" मग जरा थांबून म्हणाली, "एक दिवस चुकवला नाई तिनं. जेवाले घालते, म्हंजे पुरती तुटली नाई."

दीड वर्षाने, गेल्या हिवाळ्यात, अमोल आणि क्लारा पाच दिवसांसाठी आले. रात्री वर्ध्याच्या हॉटेलात राहायचे, दिवसा पवनारला यायचे. क्लारा मुलाला कडेवरून खाली उतरवायचीच नाही. जेवताना मूल मांडीवर, अंगणात आली तरी कडेवर. सुमन चार हात लांब उभी राहून बघत असे. अमोलला दोघींच्या मध्ये पडायचं नव्हतं, त्यामुळे दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. पहिल्याच दिवशी सुमनने मला बजावलं, "तुम्ही मधात बसा बाई. पन माह्यं बोलनं गोड करून सांगू नका, अन् तिचंही."

तीन दिवस सांगण्यासारखं कुणी काही बोललंच नाही.

चौथ्या दिवशी सुमनने ते सँडविच करायचं ठरवलं. मी वहीत सामानाची यादी केली होती. तिने ती बाजूला सारली. तीळ तीनदा वाटले, दर वेळी हुंगून पाहिले. घरात धूर नको म्हणून वांगी पहाटेच, पाहुणे यायच्या आधी, अंगणातल्या चुलीवर तळून ठेवली. दुपारी बेकरीच्या पावात सगळं भरून ताटली क्लारापुढे ठेवली.

क्लाराने एक घास खाल्ला. सावकाश चावला. अमोल भिंतीकडे बघत होता. मग ती मला इंग्रजीत म्हणाली, "हे तसं नाही. वांगं गार आहे, मऊ पडलंय. त्या दुकानात जाड कापतात आणि गरमच देतात."

"काय म्हनते?" सुमनने विचारलं.

"आवडलं म्हणते," मी म्हणाले.

सुमनने आधी क्लाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, बाई. खोटं काऊन बोलून राह्यल्या?"

माझी मान खाली गेली. मग शब्दन् शब्द सांगितला.

सुमन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "सकाळीच तळलं म्या," ती शेवटी म्हणाली. "पोराले धूर लागू नये म्हून. सांगा तिले."

मी सांगितलं. या वेळी काही कमी केलं नाही, काही घातलं नाही.

क्लाराने हातातला घास ताटलीत ठेवला. बराच वेळ ती उघड्या दारातून अंगणातल्या विझलेल्या चुलीकडे बघत राहिली. मग तिने मला विचारलं, "वांगी आहेत अजून?"

होती. टोपलीभर. क्लारा उठली, एक वांगं उचललं, विळीशी बसली. विळीवर चिरायची तिला सवय नव्हती. एका हाताने जमेना आणि दुसऱ्या हातातलं मूल वांग्याकडे झेपावत होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, त्याला उचललं आणि समोर बसलेल्या सुमनच्या मांडीवर ठेवलं. मग वांग्याचं देठ काढू लागली.

सुमनचे हात हवेतच राहिले. मूल घसरू लागलं तेव्हा कुठे ते त्याच्याभोवती आले. मान न वळवता, अगदी हळू आवाजात तिने मला विचारलं, "बाई, हे तिनं सोताहून देलं ना? तुम्ही काही सांगतलं नाई ना?"

"मी एक शब्दही बोलले नाही," मी म्हणाले.