समुद्राचा अंगरखा आणि माझी एक माप मोठी अक्कल

सावंगीला फिजिओथेरपी शिकणारी माझी नात पूर्वा परीक्षा संपल्या संपल्या म्हणाली, "आजी, मी चेन्नईजवळ कोवलमले चालली, सर्फिंग शिकाले. फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं. बाबा म्हणते, आजी संग असन तरच जाजो."

"मंग काऊन बसली? पिशवी भर," मी म्हटलं.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, ती टायपते. तेव्हा चुका तिच्या, शहाणपण माझं.

लाटांवर जाणारे अंगाला चिकटणारा रबरी कपडा घालतात, त्याला वेटसूट म्हणतात. पूर्वाला तो मानेपासून घोट्यापर्यंत हवा होता, जाडजूड. कारण मला ठाऊक होतं. दहावीपासून तिच्या गुडघ्यांवर आणि कोपरांवर कोड आहे. तेव्हापासून ही पोरगी हिंगणघाटच्या उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांत फिरते. समुद्र किती गार, हे तिनं कुठं पाहिलंच नाही. लोक किती पाहतील, तेवढंच पाहिलं.

मोबाइलवर मागवताना मी मध्ये तोंड घातलं. आमच्या घरी कपडा कधी नेमक्या मापाचा घेतला नाही, वाढत्या अंगाचाच घेतो.

"एक माप मोठा घे व. लग्न झाल्यावरही होईन."

"आजी, मी आता किती वाढणार?"

"आईकडं पाह्य आपल्या."

घेतला मोठा.

होळीच्या आधी निघालो. तुम्हीही तेव्हाच जा. आपली दिवाळी झाली की तिकडं पाऊस धरतो. हिंगणघाटहून चेन्नईची गाडी मिळते, पुढे टॅक्सीनं तासाभरात कोवलम. सोबत पोळ्या आणि जवसाची चटणी न्या. तिकडची इडली कापसासारखी, पण दोन दिवसांनी जीभ तिखट मागते.

पहिल्या सकाळी पूर्वा सूट घालून पाण्यात शिरली आणि पहिल्याच लाटेत फुगली! गळ्यातून पाणी आत शिरलं, ते बाहेर निघेना. ओल्या कापसाच्या गाठोड्यासारखी ओढत आणली तिला. शिकवणारा सेल्वम मला पाटी म्हणायचा, तिकडं आजीला म्हणतात तसं. कपाळावर हात मारून म्हणाला, "पाटी, ये टाइट होना! चमडी के माफिक. और ये मोटावाला ठंडे समंदर का है. इधर पानी गरम. छोटावाला पहनो, भाड़े पे मिलता."

म्हणजे सूट विकत घेऊच नका, तिथंच भाड्यानं घ्या, घालून हातपाय हलवून पाहा. काखेत, कमरेशी पोकळी राहिली तर दुसरा मागा.

छोटा सूट मात्र कोपराच्या आणि गुडघ्याच्या वर संपत होता. पूर्वानं तो हातात घेतला आणि खाली ठेवला. पायांवर टॉवेल ओढून वाळूत बसली.

"मले नाई जायचं. आपण परत जाऊ, आजी."

वर्षभर तिनं लाटांचे व्हिडिओ पाहिले होते. मी समजावत बसले नाही. समजावून ऐकली असती तर आमच्या घरची कशाची?

"तो मोठा सूट दे इकडं," मी म्हटलं.

मासे विकणाऱ्या दोघी हसत धावून आल्या. एकीनं उजवी तंगडी ओढली, दुसरीनं डावी. उशी अभ्र्यात कोंबावी तशी मला आत कोंबली, पाठीची चेन लावली. मी काळ्या म्हशीसारखी लाटेकडं निघाले आणि सगळा किनारा मोबाइल काढून उभा राहिला.

"पाह्य," मी ओरडले, "सगळे मलेच पाहून राह्यले! तुह्याकडं पाहाले हाये का कोणी रिकामं?"

ती हसली, पण टॉवेल काही सुटला नाही. तेवढ्यात सेल्वम उन्हाचं घट्ट पांढरं क्रीम घेऊन आला. शिकायला आलेले सगळे नाकागालांवर ते थापत होते.

"बाई व," मी म्हटलं, "इथं तर लोक हातानं पांढरे डाग लावून घेते!"

पूर्वा टॉवेल बाजूला टाकून उठली. मग क्रीमची डबी घेतली, गुडघ्यांवर, कोपरांवर जाड थर दिला (कोडाला ऊन लवकर भाजतं, विसरू नका) आणि छोटा सूट घालून गेली. खूपदा पडली. एकदा उभी राहिली. मी घोटाभर पाण्यात बसून टाळ्या वाजवल्या, कारण मला सूटमधून उठता येत नव्हतं.

आता घरी तो मोठा सूट अंगणातल्या तारेवर लटकतो. शेजारीण विचारते, "ट्रॅक्टरची ट्यूब वाळत घातली का?" कोणाला हवा असेल तर घेऊन जा, वाढत्या अंगाचा आहे.

हे सांगताना मी कोड हा शब्द मोठ्यानं म्हटला. पूर्वाची बोटं क्षणभर थांबली, मग चालली. तिनं तो लिहिला की गाळला, मला वाचता येत नाही. तुम्हाला वर दिसला असेल, तर आमची सहल फुकट गेली नाही.